कुलूपकाकांचा आकडा

संगणक विभागातल्या जुन्या ऑपरेटरला सगळे कुलूपकाका म्हणत. घराचं कुलूप तीनदा ओढून पाहायचं आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा, अशी त्यांची तऱ्हा. काकू म्हणायच्या, चोर कंटाळेल, पण हे कंटाळायचे नाहीत.

म्हणूनच प्रयोगाच्या प्रमुख बाईंनी गुपित त्यांच्याकडे दिलं. कणांच्या टकरीत जड क्वार्क नावाचा सूक्ष्म कण आणि त्याचा उलटा जोडीदार प्रतिक्वार्क यांची जोडी जन्मते न जन्मते तोच फुटते. फुटताना तुकडे एका बाजूला किती कलतात, एवढंच मोजायचं होतं. सिद्धांत सांगत होता, कल चांगला पाऊण निघेल. पण उत्तर आधीच दिसलं की माणूस नकळत ते मनासारखं वळवतो. म्हणून काकांनी कुठलाही एक आकडा गुपचूप उत्तरात मिसळायचा आणि मोजणी संपली की सांगायचा, मग तो वजा करून खरं उत्तर काढायचं, असं ठरलं.

काकांनी शून्य मिसळलं. लोकांच्या खऱ्या कामात खोटं कालवायला त्यांचा हात धजेना.

दोन वर्षं पडद्यावर कल दिसत राहिला, फक्त चार शतांश. सिद्धांतवाले सर थट्टा करायचे, की काकांचं मीठ जास्त झालंय, खरं उत्तर पाऊणच आहे. मग एकदा बाई नव्या मुलांना म्हणाल्या, झाकलेलं उत्तर आधी फुटलं तर सगळी मोजणी कचऱ्यात. म्हणजे पडद्यावरचं उत्तर पहिल्यापासून उघडंच होतं, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं. सांगावं तर उत्तर फुटतं, न सांगावं तर मन खातं.

आकडा सांगायच्या दिवशी मनात पाप आलंच. उणे सात दशांश म्हटलं, की उत्तर पाऊणला टेकत होतं. सर खूश, बाईंचे कष्ट वाचले, आणि मिसळलेल्या आकड्याची फाइल काकांशिवाय कुणाला उघडता येत नव्हती.

"काका, आकडा?" बाईंनी विचारलं.

"शून्य," काका म्हणाले. "मी काही मिसळलंच नाही बाई. हिंमत झाली नाही."

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. घरीसुद्धा नाही."

बाईंनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, सगळे ते उत्तर खोटंच समजत होते, म्हणजे त्याला वळवायला कुणी गेलं नाही. मोजणी टिकेल. मात्र घडलं ते शोधनिबंधात जसंच्या तसं लिहायचं आणि प्रयोग तपासणाऱ्या समितीला काकांनी स्वतः सांगायचं.

सर्वांत शेवटी सर त्यांच्यापाशी आले. त्या सिद्धांतावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. चेहरा उतरला होता.

"म्हणजे दोन वर्षं माझा सिद्धांत चुकलाय हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं."

"मला त्यातलं काय कळतंय साहेब," काका म्हणाले. "मला वाटायचं, माझंच चुकलंय."