देव्हाऱ्यामागची भिंत

घरं तपासायचं काम शिकवताना इंजिनिअर साहेबांनी बजावलं होतं, "हात लावल्याशिवाय एकही भिंत सोडायची न्हाय." मी एकट्यानं तपासलेलं पहिलं घर नळदुर्गातल्या एका निवृत्त गुरुजींचं. मुहूर्त चुकू नये म्हणून त्यांनी खरेदीआधीच तिथं देव बसवले होते. देव्हाऱ्यामागं ओल असल्यासारखं वाटलं. पण बसवलेले देव हलवा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? जीभच रेटेना. अहवालात मी मुकाट 'सगळ्या भिंती कोरड्या' असं लिहिलं.

तेव्हापासून आभाळ भरून आलं की आता गुरुजींचा फोन येणार, असं वाटत राहतं.

काल गुरुजींचा फोन आला. ते खुशीत होते. म्हणाले, "शेजारचं घर लेकीला घेतलं. बांधणारा तोच. तुमचा अहवाल होता, म्हणून परत तपासून घेतलं न्हाय."