शेवटच्या फेरीला दोघं लागतात

वर्षा बर्फात पडून होती, तेव्हा मी चांदनी गावात मावसभावाच्या लग्नात नाचत होतो.

आज एक वर्ष झालं. लिहिणार नव्हतो.
पण सकाळपासून लोक तिचा स्कीवाला फोटो स्टेटसला टाकतायत. खाली "बहादुर बेटी".

बहादुर होतीच.
पण ती बहादुरीने नाही गेली. एकटी होती, म्हणून गेली.

आम्ही दोघं बुऱ्हाणपूरचे, एकाच कॉलेजचे. एनसीसीच्या कॅम्पला पहिल्यांदा बर्फ बघितला आणि ती पागलच झाली. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर एका पायावर उभी राहून बॅलन्सची प्रॅक्टिस करायची. शेजारपाजारचे हसायचे.

मग दोघांनाही पहाडात नोकरी लागली.
तिथे उतारावरून सुसाट येणारं स्कीइंग नव्हतं. देवदाराच्या जंगलातून सपाटीवर लांबच लांब जाणारी वाट. ती वाट सांभाळायची, हे आमचं काम. दुपारनंतर शेवटची फेरी मारायची, मागे कोणी राहिलं नाही ना बघायचं.

नियम एकच. फेरीला दोघांनी जायचं.

मी सुट्टीवर निघालो तेव्हा विचारलं, "साहेब दुसरा माणूस देतायत ना?"
"देतो म्हणाले. तू जा ना यार, घरचं लग्न आहे. मी बघून घेते."

माणूस दिला नाही.

त्या दिवशी दोन टुरिस्ट वाट चुकले होते. तिने शोधले, रस्त्याला लावून दिले. ते आले, चहा प्यायले, गाडीत बसून गेले. ऑफिसात यादीवर टिक झाली. सगळे परत. ऑफिस बंद.

त्या यादीत आमची नावं कधी नसायचीच.

ती उरलेली वाट बघून यायला पुढे गेली. बर्फाखाली ओढा होता. बर्फ खचला, पाय मोडला.
वायरलेस दोघांत एकच, आणि थंडीत त्याची बॅटरी टिकायची नाही. दोनदा लिहून दिलं होतं आम्ही. "अगले सीज़न में देखते हैं."

सकाळी वाट उघडायला कोणी आलं नाही, तेव्हा शोधाशोध झाली.
ओढ्यातून ती बरीच वर सरपटत आली होती. बर्फावर खुणा होत्या.

बुऱ्हाणपूरला राजघाटावर, तिच्या अंत्यविधीला, तिचे बाबा माझ्याजवळ आले. आयुष्य पॉवरलूमवर गेलेला माणूस, ऐकायला कमी, नेहमी ओरडूनच बोलणार. त्या दिवशी एकदम हळू बोलले.

"जोडीने जायचं असतं ना रे बेटा?"
"हो काका."
"मग त्या दिवशी दुसरं कोण होतं?"

मी तापीकडे बघत राहिलो.

नंतर चौकशी झाली. कागदावर आलं, "कर्मचारी नियम मोडून एकटी गेली."
मी भांडलो. पत्रं लिहिली. नोकरी सोडली. कोणाला काही फरक पडला नाही.

मागच्या आठवड्यात तिथे फोन केला. तिच्या जागी आलेल्या बाईंनी उचलला.
"दीदी, शाम के राउंड पे साथ में कौन जाता है?"
"कोई नहीं भैया. अकेली जाती हूँ."
"मत जाया करो."
"फिर नौकरी कौन देगा?"

मी फोन ठेवला.

वर्षा, तुझ्या जाण्याने काही बदललं, असं लिहायचं होतं आज. नाही लिहू शकत.

तुला अखेरचा नमस्कार.