चारा न खाणारं कार्ड

आमच्या पाटोद्याकडं निर्मळ माणसाची खूण एकच, बेबाकीचा दाखला. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं आपल्याकडे एक पैसाही येणं नाही, असा सचिवाच्या सहीशिक्क्याचा कागद. तो खिशात असला की माणूस पारावर जरा ऐसपैस बसतो. मी शाळामास्तर, त्यामुळे नुसतं निर्मळ असून भागेना, ते लोकांना दिसायलाही हवं होतं.

गावात पहिलं क्रेडिट कार्डही माझंच. आष्टीच्या शाळेत असताना बँकेच्या एका माणसाने ते गळ्यात मारलं होतं. वार्षिक फी नव्हती. वर्षाकाठी एखादी खरेदी, वेळेवर भरणा आणि परत कपाटात. पुढे दुसरं एक कार्ड घेतलं, छोट्या मर्यादेचं, रोजच्या वापराला.

मग दुष्काळ पडला. टँकर चार दिवसांनी यायचा. त्याच उन्हाळ्यात बायकोने खव्याचं मशीन घ्यायचं मनावर घेतलं. वीस वर्षं चुलीपुढं खवा घोटून तिचा उजवा खांदा वर जाईना. पावसाळ्यात म्हशी व्यायच्या आत मशीन घरात हवं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "कर्ज माझ्या नावावर काढू. बँकवाले चहा पाजून देतील."

अर्जाआधी सगळं साफ असावं म्हणून मी जुनं कार्ड बंद करायला निघालो. बायको म्हणाली, "अवं, बंद कावून करता? पडून हाय तर पडू द्या की. त्याला काय चारा लागतोय?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात फार वेळा वापरलंय, आणि एकदाही ते मला लाभलेलं नाही.

खरं तर कळत मला नव्हतं. म्हशी आटत आल्या तरी ती दर आठवड्याला पाव लिटर दूध किटलीत घेऊन सहकारी डेअरीला जायची. दूध घालणं तुटलं की चालू सभासदांच्या यादीतून नाव जातं, असा तिथला नियम. घरात कोरा चहा, आणि दूध डेअरीत! मी तिला यावरून यथेच्छ हसून घेतलं.

कार्ड बंद झालं. बँकेकडून तसं पत्र आणलं, बेबाकीच्या दाखल्यासारखं लॅमिनेट केलं आणि कर्ज मागायला गेलो तेव्हा कर्ज बघणाऱ्या मॅडमच्या टेबलावर ऐटीत ठेवलं.

मॅडमनी ते उलटसुलट पाहिलं. "सर, हे कशाला बंद केलंत? जुनी चांगली नोंद अजून काही वर्षं दिसेल, पण त्या कार्डाची मोठी मर्यादा गेली ना. आता उरलं एकच, चाळीस हजारांचं, आणि त्यातले पस्तीस वापरलेत." ते पस्तीस बोअरच्या मोटारीचे होते. "बघणाऱ्याला वाटतं, माणूस ओढगस्तीत आहे. तुमच्या पतीचा स्कोअर, म्हणजे क्रेडिट स्कोअर, घसरलाय. हे भरा आणि सहा महिन्यांनी या."

सहा महिन्यांत म्हशी व्याल्या असत्या. बायकोला मात्र मी सांगितलं, "आज बँकेत नेट नव्हतं." चौथ्या दिवशी ती मला घेऊन डेअरीत गेली.

डेअरी चालू सभासदांना मशीनसाठी कर्ज द्यायची आणि दुधाच्या पेमेंटमधून कापून घ्यायची. त्या वर्षी यादीतली कितीतरी नावं गळाली होती, तिचं शाबूत होतं. सचिवांनी अर्ज भरला आणि विचारलं, "जामीन गुरुजींनाच धरू?" मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"नगं," बायको म्हणाली. "त्यान्ला समदं साफ करायची लई खोड हाय."

सचिव हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. शेवटी शेजारीण जामीन राहिली.

परतताना मला राहवेना. बाभळीखाली गाडी थांबवून मी तिला सगळं सांगितलं: कार्ड, मॅडम, नेटची थाप. मला खरोखर लाज वाटत होती.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बँकेतून आलते त्या दिशी तुमी आपल्या हातानं चहा केलता."