टपावरच्या बिबड्या

बॅटरीतलं मला कुणी शिकवू नये, असं मी तीस वर्षं म्हणत आलो. नाशकात द्वारकेजवळ माझं बॅटरीचं दुकान होतं. आम्लाच्या बॅटऱ्या. झाकण उघडायचं, पाणी बघायचं, मीटर लावायचा. आकडा दिसला की तिच्यात किती जीव उरलाय ते मी डोळे झाकून सांगायचो. त्यामुळे सातपूरच्या सोलरवाल्या बाई माझ्या गाडीत लिथियमची बॅटरी बसवताना म्हणाल्या, "काका, हिचे व्होल्ट बघू नका, ही शेवटपर्यंत तेवढेच दाखवते आणि मग एकदम बंद पडते. मोबाईलवर टक्के बघत जा," तेव्हा मी तोंडानं हो हो म्हणालो आणि मनात म्हणालो, घ्या, आता ह्या मला शिकवणार!

गाडी म्हणजे शाळेची मुलं ने-आण करून थकलेली जुनी ट्रॅव्हलर. दुकान बंद केल्यावर घेतली आणि आत पलंग, छोटा ओटा, पंखा बसवला. ती हौस होती. लिथियम आणि टपावरची सोलरची तीन पॅनल मात्र हौसेची नव्हती, ती आईसाठी होती. आईच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन तिला सतत लागायचं, आणि मशीनला लागायची वीज. तीन वर्षं ती एका खोलीत होती, नळी पोचेल तेवढ्याच जागेत. "दावणीचं ढोर तरी संध्याकाळी पाण्यावर जातं रे," म्हणायची. तिचा भाऊ, माझा मामा गेला, तेव्हाही तिला माहेरी जाता आलं नाही. सटाण्यापलीकडच्या त्या खेड्यात दिवसा लाईट नसते, आणि माझ्या जुन्या बॅटऱ्यांवर ते मशीन तासाभरात आचके द्यायचं. तिला एकदा जायचं होतं. मामीजवळ चार दिवस बसायचं होतं. बस, एवढंच.

वैशाखात निघालो. देवळा गाव मागं पडल्यावर आई पलंगावर उठून बसली ती घर येईपर्यंत आडवी झाली नाही. गाडी अंगणात लावली, वायर ओसरीवर नेली. दोघी नणंदा-भावजया गळ्यात पडून रडल्या, आणि मग दोन दिवस त्यांची तोंडं मिटली नाहीत. सगळं अहिराणीत. नाशकात आई अहिराणी बोलायचीच नाही, मी तर विसरूनच गेलो होतो की तिला एवढं हसता येतं.

रात्री मशीन घरच्या लाईटवर, दिवसा गाडीवर. मी सकाळ-दुपार मीटर लावत होतो. तेरा व्होल्ट. टम्म!

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन एकदम ओरडलं आणि बंद पडलं. आई बोलता बोलता थांबली, ओठ काळे पडायला लागले. अडीनडीला आणलेला छोटा सिलिंडर लावला. धावत जाऊन गाडी सुरू केली. इंजिनावर बॅटरीत थोडी धुगधुगी आली, मशीन चालू झालं. मग शिडीवरून टपावर चढलो आणि बघतच राहिलो. तिन्ही पॅनलवर पांढरी धोतरं, आणि धोतरांवर ओळीनं ज्वारीच्या बिबड्या वाळत घातलेल्या.

"मामी!" मी वरूनच ओरडलो. "अक्कल गहाण टाकली का तुम्ही? तुमच्या पापडांपायी माझी आई गेली असती!"

मामीचा चेहरा उतरला. "खाटेवर शेळ्या तोंड घालतात रे बाबा. वर तापलेली स्वच्छ काच दिसली. काल सकाळधरनं तिथंच घालते. तुझ्या आईला संगं द्यायच्या होत्या."

कालपासून! म्हणजे दोन दिवस बॅटरी रिकामी होत होती आणि मी खाली बसून तेरा तेरा करत होतो. मोबाईल उघडायचं मला सुचलं नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर उघडायचाच नव्हता.

आईला बोलताना धाप लागत होती, तरी बोलली. "तिनी काय चूक शे? तू दोन दिन आकडा दखत बसना. एकदा बी वर चढना का?"

मी शिडीवरून खाली उतरलो. मी म्हणालो, सामान भरतो, आत्ताच घरी जाऊ. आईनं मान हलवली. एक अर्धओली बिबडी मागून घेतली, तेल लावून खाल्ली आणि चार दिवसांचे सहा केले. मी रोज सकाळी टपावर चढून पॅनल पुसली आणि दिवसभर टक्के बघितले. मामीची माफी मात्र मागितली नाही. तेवढं मोठं मन आपल्याकडे कुठलं?

"ही बॅटरी दहा वर्षं जाईल," असं सोलरवाल्या बाई म्हणाल्या होत्या. आई पुढचे आठ महिने होती.

यंदा वैशाखात मी एकटाच गेलो. गाडी अंगणात उन्हात लावली, टपाला शिडी टेकवली आणि मामीला हाक मारली, "मामी, आणा बिबड्या. तिन्ही पॅनल मोकळीच आहेत."