दुमडलेली कड

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. अण्णांच्या युनियनच्या पत्रकांवरून मी अक्षरं शिकले. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं पेणच्या बाजारात स्वतः वाटली. तरीही हे लिहिते आहे, कारण लपवणं हासुद्धा खोटेपणाच.

अण्णा म्हणजे माझे वडील. रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे फिटर होते. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये पत्र्याच्या पट्ट्या बनवायचे. गणपतीच्या मागे चक्र फिरतं ना, त्याची मोटर या पट्ट्या धरून ठेवतात. हमरापूरच्या गणपती-कारखान्यांत त्या जायच्या. कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते; मूर्तीच्या मागे कोण बघतंय म्हणून बाकीचे ती तशीच सोडतात. अण्णा मात्र प्रत्येक कड आत दुमडायचे, लाकडी हातोडीने बसवायचे आणि डावा अंगठा फिरवून बघायचे. म्हणायचे, "रंगवणाऱ्या पोरींची बोटं कापतात गो. देव सजवताना रक्त कशाला?"

मग कंपनीत ते छपरावरून पडले. उंचीवर बांधायचा सुरक्षापट्टा दिलेलाच नव्हता. ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमचा नाहीच! डोक्याला मार लागला, तेव्हापासून अण्णा बाहेरच्या खोलीत पडून. बोलणं नाही, ओळख नाही, बोटही हलत नाही. आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पट्ट्यांचं काम मी हाती घेतलं. कापणं, शिकंज्यात धरून वाकवणं जमलं. कड दुमडणं जमेना. पट्टी पिळून वाया जायची. शेवटी कडा तशाच ठेवल्या.

एका दुपारी मी आणि आई अण्णांना कुशीवर वळवत होतो. कुंपणापलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "अगो बाय, जेवणवेळेला तरी ठोकाठोक थांबव!"

"काकू, मी घरात हाय!"

"मग काय तुझा बाप ठोकतोय?"

थट्टेत बोलल्या. पण आता आम्हालाही ऐकू येत होतं... टक... टक... लाकडी हातोडी.

धावत गेले. शेडला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे. आत कोणी नाही. पण सकाळच्या सगळ्या पट्ट्यांच्या कडा दुमडलेल्या — सरळ, गुळगुळीत. परत आले तर आई अण्णांचा डावा हात धरून बसलेली. अंगठ्यावर ताजा काप.

आई हसत होती. "उठतायत गो ते. काम बोलावतंय त्यांना."

मी कारणं शोधली. कुलूप बदललं. शेडच्या दारात बसले की सगळं शांत. उठून गेले की टक... टक. आणि मग — मी, पत्रकं वाटणारी मी — आशेने मुद्दाम कडा तशाच ठेवू लागले.

अण्णा उठले नाहीत. त्यांचा अंगठा तेवढा कापांनी भरत गेला. जखमा चिघळल्या. एकदा मलम लावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मी आईला म्हटलं, "पुरे. कडा मीच दुमडते."

"नको! काम नाय राह्यलं तर ते कशाला उठतील?"

"ज्या माणसाला कामानेच पाडलं, त्याला पडल्यावरही राबवायचं? मग आपण आणि तो ठेकेदार वेगळे कसे?"

आईने तोंड फिरवलं. बरेच पत्रे वाया घालवून मी दुमडणं शिकले. एका सकाळी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या कडा बसवल्या, स्वतःचा अंगठा फिरवून बघितला. ती दुपार शांत गेली. दिवेलागणीला अण्णा गेले.

डॉक्टर म्हणतात, छातीत कफ साठला, हे कधीतरी होणारच होतं. अंगठ्याचं विचारलं तर म्हणाले, उंदराने कुरतडलं असेल. उंदीर हातोडी मारतो का? मला काहीच माहीत नाही. आई माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "तू त्यांना काम ठेवलं नायस." ठेकेदाराविरुद्ध पत्रक लिहायला बसते, पहिल्या ओळीपुढे हात सरकत नाही.

आता रोज सकाळी एका पट्टीची कड तशीच सोडते. संध्याकाळी जाऊन तिच्यावरून अंगठा फिरवते.

कड तशीच असते. कापते.