पायाळूची विहीर

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आता कोणी हे विचारत नाही, पण इंग्रजांच्या राज्यात, वाशीमच्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावात पायाळू पोर म्हणजे साऱ्या गावाची वस्तू. कोणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला पाय लावायची. एकदा पाटीलही असेच पडले. "हळू वं माय, हाड मोडशीन माह्यं," असे कण्हले, तर माझी माय तोंडाला पदर लावून आत पळाली.

पायाळूचं दुसरं काम म्हणजे पाणी. जमिनीखालचं पाणी पायाळूच्या पायाला कळतं म्हणत. मला तर बाई काही कळत नसे. काटा मोडला की तेवढं कळे.

गावाला विहीर एकच. होळी झाली की तिचा तळ दिसायचा. मग बाया नाल्याच्या वाळूत झिरे उकरायच्या आणि वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायच्या. त्या साली मायला दिवस गेले होते. पोट सांभाळत ती झिऱ्यापाशी उकिडवी बसे, आणि घागर भरेतो तिला उठून उभं राहता येत नसे.

म्हणून मंडळी पारावर बसली. कोणी म्हणे देवळामागं खंदा, कोणी म्हणे गुरं जमतात त्या आखरावर. माझा बा फार बोलणारा नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "नाल्याले वरच्या अंगानं दगडमातीचा बांध घाला. पावसाचं पानी थांबन, जमिनीत मुरन. आन त्याच्या खालच्या अंगाले इहीर खंदा. नाई तं नवी इहीरबी होळीलेच कोरडी." ते सर्वांना पटलं. बांध कुठं घालायचा ते ठरलं. पण विहिरीची नेमकी जागा कोण सांगणार? रिसोडकडून एक म्हातारा पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ ठेवून बांधाखालच्या साऱ्या पट्टीत फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "पानी हाय अथी. पन जागा पायाळूच दाखवन."

झालं. मला अनवाणी चालवलं. ऊन असं की पाय भाजत होते. मी पुढं, आणि मागं सारं गाव. पळसाच्या झाडाजवळ आले तेव्हा पाणाड्या पाटलांना म्हणत होता ते कानावर पडलं.

"पाटील, पानी लागलं का पोरगी द्या लागते. आदीच सांगून ठेवतो."

"देऊ ना. पायाळूचाच मान हाय थो."

माझे पाय जागीच थिजले. आमच्या आळीतली एक पोट्टी मला नेहमी सांगायची, पुलाच्या पायात पोरं पुरतात, तेव्हा कुठं पूल उभा राहतो. विहिरीलाही देतात म्हणे. मी लटलट कापायला लागले.

"थांबली!" मागून ओरडा झाला. "पाय पाहा कसे कापून राह्यले! पानी इथंच!"

माझ्या दोन पायांच्या भोवती त्यांनी पहारीनं गोल ओढला.

दुसऱ्या दिवसापासून खोदकाम. मी पळसाखाली बसून पाहायची. घरी बसवत नसे आणि तिथं पाहवत नसे. खालून माणसं ओरडत, "पाहार द्या!" "टोपलं द्या!" आणि वरचे दोराला बांधून ते ते खाली सोडत. आधी काळी माती निघाली, मग पिवळा मुरूम, मग दगड. दगड लागला की सारे कपाळाला हात लावत आणि मला जरा जेवण जाई. एके दिवशी मुरूम ओला निघाला. माय इतकी हरखली, की एक ढेकूळ आणून तिनं माझ्या हातावर ठेवलं. "पाह्य वं कसं थंडगार हाय!" मी ते टाकून दिलं. त्या दिवसापासून मला घास गिळवेना. मायनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बा नुसता माझ्याकडे पाहत राही.

पाणी लागलं त्या सकाळी डफडं वाजलं. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले, पण मावशीनं दंडाला धरून काढलं. मायनं मला न्हाऊ घातलं, तेल लावून वेणी घातली, नवा परकर नेसवला, कपाळभर कुंकू लावलं. मी रडत होते.

"रडतं कायले वं? असा मान कोनाले भेटते?"

मी मायच्या पोटाकडे पाहिलं. हिला दुसरं होणारच आहे, म्हणून मला देते, असं मला वाटलं.

विहिरीवर सारं गाव जमलेलं. मोठं टोपलं दोराला बांधून ठेवलेलं. मला त्यात बसवणार, तोच बा पुढं आला.

"आदी मी उतरतो. मंग द्या."

"अरे, खाली दोघं हायेत ना?" पाटील म्हणाले.

"असू द्या."

तो उतरला. खालून त्याचा आवाज आला, "द्या पोरगी!" जसं पाहार द्या, टोपलं द्या, तसंच. तरी मला ते उमगलं नाही. टोपलं उचललं, मी डोळे मिटले. अंगाला गारवा लागत गेला, वरचे आवाज बारीक झाले. मग कोणीतरी मला गच्च धरलं. बा होता. 

"बा, मले देऊन टाकलं का?"

"कोनाले?"

"इहिरीले."

 त्यानं माझ्या हातात लोटा दिला आणि माझा हात धरून गढूळ पाण्यात बुडवला. पायाळूनं पहिलं पाणी काढायचं, एवढाच तो मान.

वरून पाटील ओरडले, "पानी द्या ना वरत! बाया खोळंबल्या!"

बानं मान वर केली. "आदी पोरगी घ्या वरत," तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की विहीर घुमली. "पानी मंग!"

वर सारे हसले. बा हसला नाही. मला टोपल्यात बसवून त्यानं दोराची गाठ ओढून पाहिली, आणि पुन्हा ओढून पाहिली.