सूर्यमाळच्या गाडीचं स्टिअरिंग

फौजेत माणसाला घरापासून लांब टाकतात. माझी पोस्टिंग मात्र थेट माझ्याच मुलखात, जव्हारला झाली. लोकांना वाटलं, हवालदाराने नशीब काढलं. कसलं डोंबलाचं नशीब! संस्थान विलीन होऊन तीन-चार उन्हाळे झाले होते. सूर्यमाळच्या पाड्यांवर पाणी आटलं होतं, म्हणून आमच्या छोट्या तुकडीला टाकीची गाडी देऊन पाठवलं होतं. मी गाड्यांचा मेकॅनिक. रोज संध्याकाळी कॅम्पच्या फाटकाशी आमचे सोयरे हजर. "अरे, मोखाड्यापर्यंत सोड की." सरकारी ट्रक म्हणजे काय आमच्या काकांची बैलगाडी?

गाडी महायुद्धातली, अमेरिकन, लढाईनंतर उरलेला माल काढतात त्या डिस्पोजलमधून आलेली. ड्रायव्हरची सीट डावीकडे. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, त्यामुळे रस्ता नसला तरी ती चढायची. पण टाकी भरली की स्टिअरिंग हलता हलेना. वाटेत धोंड्याला चाक अडलं की झटका थेट ड्रायव्हरच्या खांद्यात बसायचा.

आणि आमच्या ड्रायव्हरचा नेमका खांदाच अधू. नाईक भोये, दाभोशाचा. ब्रह्मदेशात गाडी उलटली तेव्हा त्याचा डावा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. हे फक्त मला माहीत होतं. एकदा तो टायरवर बसून खांदा चोळत होता, तेव्हा मी म्हणालो, "भोये, डॉक्टरला दाखव."

"नको उस्ताद. मेडिकल बोर्डापुढं उभं केलं तर कॅटेगरी उतरवतील. मग लंगरात कांदे कापत बसायचं. आमच्या अख्ख्या गावात गाडी हाकणारा मी एकटाच हाय. माझ्या हातची गाडी जाऊ देऊ नका."

मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो. खांद्याचं बोललो नाही, स्टिअरिंगचं बोललो. वर्कशॉपमध्ये भंगारात काढलेल्या मोठ्या गाड्यांचे हायड्रॉलिक स्टिअरिंगचे दोन संच पडले होते. पहिल्यात स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी रॉडच नव्हता. सगळं काम तेलाच्या दाबावर, एका बोटाने फिरणारं. दुसऱ्यात जुना रॉड तसाच ठेवून तेलाचा सिलिंडर शेजारून जोर लावणार. हे जरा जड, पण तेल गेलं तरी रॉड जागेवर.

"पहलावाला लगाओ," साहेब म्हणाले. "हल्का है."

"साहब, पाइप फटा तो?"

"तो?"

"तो स्टिअरिंग हाथ में रहेगा और गाड़ी अपने रास्ते जाएगी."

साहेब हसले. "ठीक है. दूसरा लगाओ."

बसवायला आठवडा गेला. ट्रायलला भोयेला घेऊन शिरपामाळापर्यंत गेलो. पहिल्याच वळणावर गडी ओरडला, "उस्ताद, लोण्यात हात घातल्यागत वाटतंय!" परत येईपर्यंत त्याचे दात झाकले नाहीत. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी त्याला एकच गोष्ट बजावली. तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद तर पंप बंद, आणि मग रॉडबरोबर सिलिंडरमधलं तेलही ढकलावं लागतं, म्हणजे स्टिअरिंग पहिल्यापेक्षा जड. तेव्हा उताराला इंजिन बंद करायचं नाही. हे सांगावं लागलं, कारण आमच्या ड्रायव्हर लोकांची ती रीतच होती. उताराच्या तोंडाशी आलं की गाडी न्यूट्रल करायची, स्विच बंद करायचा आणि गाडी सोडून द्यायची. लढाईत पेट्रोल मोजून मिळायचं, वाचवेल त्याला शाबासकी. बंद गाडी उतरवणारा तो पक्का ड्रायव्हर, असं सगळे मानायचे. पुढं पेट्रोल मिळू लागलं तरी हाताची खोड गेली नाही. भोयेला मी दोनदा झापलं. "ध्यानात हाय उस्ताद," म्हणायचा.

मे महिना, दुपारची वेळ. सूर्यमाळला टाकी रिकामी करून आम्ही परत निघालो. मागे चार बाया आणि एक म्हातारा, मोखाड्याला बाजाराला निघालेले. भोये मला घराच्या कौलांबद्दल सांगत होता. उतार लागला. बोलता बोलताच त्याने गाडी न्यूट्रल केली आणि स्विच बंद केला. एकदम शांत झालं.

"भोये, स्विच!"

"आयला!"

त्याने स्विच लावला, पण इंजिन चालू व्हायला गियर पडायला हवा, तो पडेना. नुसती खरखर. ब्रेकचा जोरही इंजिनावरच होता. दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट झालं, ब्रेक लागेना. समोर वळण, उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. भोयेने गियर सोडला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळला. मीही हात घातला. त्याचा खांदा सुटला तेव्हाची किंकाळी मी ऐकली. त्याने हात सोडले नाहीत. चाकं वळली. गाडी डोंगराच्या कड्यावर आदळली, भोयेच्या बाजूने.

मागची माणसं खाली उतरली. एका बाईचा हात मोडला होता, बाकीच्यांना खरचटलं होतं. भोये दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये चेपला होता.

"मागली माणसं?"

"सगळी आहेत."

"बरं झालं," म्हणाला. कॅम्पातून जीप येण्याआधी तो गेला.

चौकशीत मी स्विचचं खरं ते सांगितलं. कॅम्पातले काही जण माझ्यावर चिडले, मेलेल्याला कशाला दोष देतोस म्हणाले. दोष त्याचा होताच. गाडी वळवली तीही त्यानेच, आणि तेही मी लिहून घ्यायला लावलं. मला त्याचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

दाभोशाला मी आणि साहेब गेलो. भोयेचा बाप शेतात भाताच्या रोपासाठी राब भाजत होता. राखेने भरलेले हात तसेच ठेवून उभा राहिला. मी सगळं सांगितलं, स्विचसुद्धा. मग त्याने एवढंच विचारलं, "गाडी त्योच हाकत होता ना?"

"हो बाबा. शेवटपर्यंत."

म्हातारा घराकडे वळला. दारात भोयेची आई बसली होती, भोवती शेजारपाजारचे जमले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आयकलंस का? गाडी आपला पोऱ्याच हाकत होता."